मामाची पिवळी

"पांढरी नऊवारी? सुती, बिनकाठाची?" दुकानदाराने मान तिरकी करून आवाज खाली आणला. "कोण गेलं, काका?"

"कुणी गेलं नाही. लग्न आहे," हेमचंद्र म्हणाले.

 दुकानदाराने साडी कागदात गुंडाळली आणि पिशवी हातात देताना "धीर धरा" म्हणालाच. हेमचंद्रांना राग आला. पण क्रांती चौकातल्या भर उन्हात कुणाला काय समजावणार?

खरं तर समजावण्यासारखं फार काही नव्हतंच. त्यांच्याकडे मुलगी बोहल्यावर उभी राहते ती मामाने दिलेली पिवळी नेसून. त्या पिवळीला अष्टपुत्री म्हणतात. आठ पुत्रांची हौस आता कुणाला उरलेली नाही, नाव मात्र उरलं आहे. पिवळा हळदीचा, म्हणजे गौरीचा. मग चुड्याचा हिरवा, मग कुंकवाचा लाल. बाईने कधी कोणता रंग नेसायचा ते तिच्या जन्माआधीच ठरलेलं असतं. आणि सगळ्यात शेवटी जो रंग येतो, त्याचं नाव लग्नघरात कुणी काढत नाही.

हेमचंद्रांची थोरली बहीण कालिंदी त्या शेवटच्या रंगावर येऊन चार वर्षं झाली होती. वैजापूरला तिचे यजमान रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. कालिंदी म्हणाली, साडी.

"माझी पिवळी विकतची होती, हेमा," मुलीचं लग्न ठरल्यावर तिने भावाला फोन करून सांगितलं. "तेव्हाही दुष्काळच होता. मामा म्हणाले, रंगवायला पाणी कुठून आणू? आणि दुकानातून उचलून आणली. आपल्या घरात मामानं स्वतःच्या हातानं हळदीत रंगवायची रीत आहे. ती मोडली, आणि बघ माझं काय झालं."

"अगं ताई, पण सत्तावीस वर्षं संसार झाला तुझा!"

"नीट रंगवली असती तर चाळीस झाला असता."

हेमचंद्रांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मृण्मयीची पिवळी तू रंगवायची. तुझ्या हातानं. दुसरं काही मागत नाही मी तुझ्याकडं. जमत नसेल तर आत्ताच सांग, लग्नाला येऊ नकोस." एवढं बोलून ती रडायला लागली. आईवडील गेल्यावर कालिंदीला माहेर म्हणून हा एकटा भाऊ उरला होता. जीव तुटला बिचाऱ्याचा. रंगवतो म्हणाले.

"पाणी कुठंय पण?" हा प्रश्न त्यांच्या बायकोने, मनस्विनीने विचारला, आणि तो रास्तच होता. त्या उन्हाळ्यात जायकवाडीत नुसता मृतसाठा उरला होता. पुंडलिकनगरात नळ आठवड्यातून एकदा यायचा. तोही आला तर आला. शहर मात्र वाढतच चाललेलं. बायपासला रोज नवी इमारत उभी राहत होती, आणि तिच्या पाटीवर निळाशार पोहण्याचा तलाव काढलेला असायचा. हेमचंद्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी का येत नाही हे ते तासभर समजावून सांगू शकत. आणू मात्र शकत नव्हते.

"साडी रंगवायची म्हणजे बादल्यांनी पाणी," मनस्विनी म्हणाली. "तेवढ्यात आपला दोन दिवसांचा स्वयंपाक होतो. विकत आणा. कुणाला कळतंय?"

"रीत आहे ती."

"रीत! तुमच्या ताईंना रंगांचं वेड लागलंय, आणि तुम्हाला ताईंचं!"

"माझ्या बहिणीबद्दल एक शब्द बोललीस तर याद राख!" हेमचंद्र ओरडले. माणूस जन्मात कधी ओरडलेला नाही. सवय नसल्यामुळे आवाज नको इतका मोठा फुटला. खालच्या मजल्यावर कुणीतरी टीव्ही बंद केला.

 दुसऱ्या दिवशी पहाटे, इमारत जागी व्हायच्या आत, बॅग उचलून पहिल्या गाडीने मनस्विनी वैजापूरला लग्नाच्या कामाला निघून गेली. हेमचंद्रांनी फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. तिने कट केला. लग्न उद्यावर आलं होतं.

तरी हेमचंद्र बाह्या सरसावून कामाला लागलेच. पिण्याच्या पाण्यातलं पाणी मोठ्या पातेल्यात घेतलं, हळद कालवली, साडी बुडवली, दाबली, फिरवली, आणि वर काढली तेव्हा स्वतःवरच खूश झाले. काय रंग आला होता! सोनचाफ्याचा! फक्त हात लावेल तिथे हळद सुटत होती. एकदा चांगल्या पाण्यातून काढली की झालं.

चांगलं पाणी मात्र आता घरात नव्हतं. शोधता शोधता त्यांना न्हाणीघरात, कोपऱ्यात, पाट झाकून ठेवलेला टब सापडला. भरलेला! वर स्वच्छ! हिशेबी बाई आपली, त्यांना वाटलं, कुठंतरी दडवून ठेवणारच. जिच्याशी काल भांडलो तिचे मनातल्या मनात आभार मानून त्यांनी साडी टबात सोडली.

साडी लाल झाली.

लाल म्हणजे गुलाबी नव्हे, भगवी नव्हे. बोकड कापल्यासारखी लाल. हेमचंद्रांनी डोळे चोळले, तर डोळ्याखाली लाल पट्टा उमटला. घाबरून त्यांनी साबण घेतला आणि घासायला सुरुवात केली. जसजसं घासावं तसतशी ती आणखी गडद होत गेली. बनियन लाल, कोपरापर्यंत हात लाल, भिंतीवर शिंतोडे. गौरीहरापुढे ही नेसून बसलेली मृण्मयी त्यांच्या डोळ्यांपुढे आली, तिच्या शेजारी कालिंदीचा चेहरा आला, आणि त्यांनी "अरे देवा" म्हणून तो टबच मोरीत उलटा केला.

आता मोरीचं पाणी कुठं जातं? चांगल्या दिवसांत गटारात. पण त्या उन्हाळ्यात हेमचंद्रांच्या मोरीच्या पाइपाखाली तळमजल्यावरच्या केसरबाईंनी पिंप लावलं होतं. वरच्यांनी आंघोळ केली की खालच्यांच्या संडासाचं भागायचं. त्या सकाळी केसरबाई डबडं घेऊन पिंपाशी आल्या, आणि वरून भळाभळा लाल आलं.

दार वाजलं. हेमचंद्रांनी साडी पाठीमागे धरली आणि दार बोटभर उघडलं. केसरबाई बघत होत्या ते त्या बोटभर फटीतून दिसणाऱ्या हाताकडे.

"भाऊजी... वहिनी कुठंयत?"

भांडून गेली म्हणून कसं सांगणार? शिवाय केसरबाईंचं माहेर वैजापूरकडचं. सकाळी त्यांना कळलेली गोष्ट दुपारी कालिंदीच्या ओसरीवर पोचायची.

"ती होय? आंघोळीला बसलीय," हेमचंद्र म्हणाले.

केसरबाईंनी त्यांच्या गालावरच्या लाल पट्ट्याकडे पाहिलं. "बरं बरं. बसू द्या. काय घाई नाय," असं म्हणत, पाठ न वळवता, त्या एक एक पायरी उलट्या उतरत गेल्या.

सुटलो, असं हेमचंद्रांना वाटलं. माणसाला कधी काय वाटेल सांगता येत नाही.

दुपारभर ते त्या साडीशी झटत होते. इमारत विलक्षण शांत होती. एरवी दहादा बेल वाजवणारी माणसं आज जिन्यातून पाय न वाजवता जात होती. मग गल्लीत टँकर आला. हेमचंद्रांनी खिडकी किलकिली केली. खाली बायका-माणसं, घागरी, हंडे, नळ्या. दर पाळीला "काका, टँकर!" अशी वर हाक मारणाऱ्यांपैकी आज एकानेही मान वर केली नाही.

"ऊपरवाले काका नहीं आए?" टँकरवाल्या दाऊदनेच विचारलं. "उनका नंबर लगाऊँ क्या?"

"त्यांचं राहू दे," केसरबाई म्हणाल्या. "त्यांना नाय लागायचं आता."

"चल, तेवढं माझ्या ड्रममध्ये सोड," कुणीतरी पटकन म्हणालं.

हेमचंद्रांना हे चमत्कारिक वाटलं. पण असले हात घेऊन खाली जाणार कसे? त्यांचं पाणीही गेलं. टँकर रिकामा होऊन गल्लीबाहेर वळला, आणि त्याचा धुरळा खाली बसायच्या आत पोलिसांची गाडी आत आली.

हवालदार फकिरा निवृत्तीला टेकलेला, जाडजूड आणि थकलेला माणूस होता. त्याने न्हाणीघराची भिंत पाहिली, बनियन पाहिलं, दोरीवरची साडी पाहिली, आणि मोठा सुस्कारा सोडला. "साहेब, चांगल्या घरातले तुम्ही. काय करून बसले हो?"

"हळद आहे ती!" हेमचंद्र ओरडले. हा त्यांचा आठवड्यातला दुसरा ओरडा.

"हळद पिवळी असती साहेब. माझं बी लगीन झालेलं आहे. बाई कुठंय?"

"वैजापूरला."

"व्हय का? सकाळी न्हाणीत होत्या म्हणं."

दारात सगळी इमारत गोळा झालेली.  हेमचंद्र म्हणाले, सकाळी खोटं बोललो होतो. त्याने प्रकरण आणखीच बिघडलं. फकिराने शिपायाकडून साडी पिशवीत घालून घेतली, दोन शेजाऱ्यांना पंच म्हणून पुढे बोलावलं. दोघांनी काल ज्याच्या घरी चहा घेतला होता त्याच्या विरोधात बिनदिक्कत सह्या ठोकल्या. पिशवीला लाखेचं सील बसलं. मग हवालदार केसरबाईंकडे वळला.

"बाई, रगत कधी दिसलं तुम्हाला?"

"सकाळीच की. चहाच्या टायमाला."

"आन् फोन आता केला? दिवस मावळायला?"

"टँकर यायचा होता ना, साहेब," केसरबाई म्हणाल्या. "तुमची गाडी गल्लीत घुसली असती तर टँकर मागच्या मागं फिरला असता. मग पुढच्या पाळीपर्यंत काय प्यायचं आम्ही?"

 फकिराच्या घरीही टँकरच येत असावा. "बरोबर हाय," तो म्हणाला.

हेमचंद्र पुढे आले. "अहो केसरबाई, म्हणजे तुम्हाला दिवसभर वाटत होतं की मी तिला मारलंय? आणि तुम्ही पाणी भरत होता? ती आत अर्धमेली पडलेली असती तर?"

"आमाला वाटलं, संपल्याच," केसरबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. "लई गुणाची बाई. पण भाऊजी, मेलेलं माणूस कुठं जातंय? टँकर जातो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात दुष्टावा नव्हता, हे सगळ्यात वाईट. हेमचंद्र खुर्चीत बसले. आपण मेलो तर आपल्यालाही टँकर होईपर्यंत थांबावं लागेल, असा विचार त्यांच्या मनात आला.

"फोन लावा बाईंना," फकिरा म्हणाला.

लावला. कट. पुन्हा लावला. कट. "बघा," हेमचंद्र म्हणाले, "कट करतेय म्हणजे जिवंत आहे!"

"कट तर कुणीबी करंल. आणा नंबर." फकिराने स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे सनई, भांडी, बायकांचा गलका; आणि मनस्विनीचा आवाज.

"कोण?"

"पुंडलिकनगरातून बोलतोय बाई. तुमचे मिस्टर इथं आहेत माझ्याजवळ. त्यांचं म्हणणं आहे की तुम्ही..."

"दुसऱ्याच्या फोनवरून लावायची अक्कल आली का आता? त्यांना सांगा," मनस्विनी कडाडली, "मी मेले!"

फोन बंद. जिन्यातून एक सामुदायिक "अरेरे" उमटलं. फकिराने टोपी काढून पुन्हा घातली. "तीस वर्षं झाली नोकरीला," तो हळूच म्हणाला, "पर मयतानं स्वतः जबाब दिला, असं पहिल्यांदाच."

पुढच्या वेळी त्याने आधी "पोलीस" हा शब्द उच्चारला, आणि मग मात्र मनस्विनीचा आवाज उतरला. साडीचं ऐकताच ती किंचाळली. "तो कोपऱ्यातला टब? अहो, धुण्याच्या सोड्याचं निवळलेलं पाणी होतं ते! पुसापुशीला ठेवलेलं! हळदीला सोडा लागला की लाल होणारच! कुंकू कशाचं करतात, हळदीचंच ना? सत्यानाश केलात! आता ताईंना काय सांगू मी?"

खात्री करायला वाटी लागली. केसरबाईंनी ताज्या हंड्यातलं घोटभर पाणी काळजावर दगड ठेवून दिलं. त्यात चिमूट हळद, चिमूट सोडा. वाटी लालभडक. फकिराने बोट बुडवून वास घेतला.

"मग माझी साडी द्या," हेमचंद्र म्हणाले. "लिंबू लावून काहीतरी करतो. उद्या लग्न आहे माझ्या भाचीचं!"

"ते नाय व्हायचं आता. सील झालं, पंचांच्या सह्या झाल्या. सील आता वरच्या साहेबांच्या हुकमाबिगर फुटत नाय. तुम्ही असं करा, लगीन उरकलं की वहिनींना ठाण्यात आणून दाखवा." जिना उतरता उतरता तो थांबला. "जित्या."

इमारत पांगली. हेमचंद्र तसेच धावत क्रांती चौकात गेले. दुकानदार शटर ओढत होता. त्यांना ओळखून त्याने पुन्हा चेहरा पाडला. "पिवळी," हेमचंद्र म्हणाले. "तयार. विकतची." तो शब्द उच्चारताना त्यांना रडू आलं. दुकानदारानेही न विचारता शंभर रुपये कमी घेतले.

सकाळी वैजापूरला मांडवात शिरताच कालिंदी समोर आली. लग्नापुरती बदामी साडी, मोकळं कपाळ. तिने आधी पिशवी घेतली नाही. भावाचे हात धरले. कोपरापर्यंत पिवळेलाल डाग, घासून घासून सोललेली बोटं.

"किती रगडलंस रे," ती म्हणाली, आणि त्या हातांवर कपाळ टेकवून रडली. हेमचंद्रांना सांगायचं होतं. शप्पथ सांगायचं होतं. पण तिच्या खांद्यावरून त्यांना मनस्विनी दिसली, आणि तिने डोळे असे वटारले की ते गप्प बसले.

मृण्मयी पिवळी नेसून गौरीहरापुढे बसली. मग मामा तिला हाताला धरून बोहल्याकडे घेऊन निघाले. ओचा सारखा करायला कालिंदी वाकली, आणि वाकलेलीच राहिली. आतल्या काठावर दुकानाचा निळा शिक्का होता. ठसठशीत, पत्त्यासकट.

हेमचंद्र तिच्या कानाशी वाकले. "ताई, ऐक. झालं काय की पोलीस..."

"गप." कालिंदीने केसातली पिन काढली, काठ आत दुमडला आणि टोचून टाकला. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मुहूर्त आलाय. आता तिला काय सोडायला लावू? आणि मनस्विनीला यातलं काही कळू देऊ नकोस. काल मी म्हटलं, हेमा विकतचीच आणणार, तर केवढी भांडली माझ्याशी! म्हणे, स्वतः रंगवतायत, अख्ख्या इमारतीनं पाहिलंय. एवढा विश्वास आहे तिचा तुझ्यावर. तिला कळलं तर जीव तुटेल बिचारीचा."

हेमचंद्रांना आता रडावं की हसावं ते कळेना. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. पलीकडे नवरा मुलगा शंतनू उभा होता. चांगला उंच, रुंद छातीचा. हेमचंद्र त्याच्याकडे निरखून पाहत राहिले. श्वास नीट घेतोय ना? घाम जरा जास्तच येतोय का? हे सगळं थोतांड आहे, ते स्वतःला बजावत होते. दाजी हृदयविकाराने गेले. साडीने कुणी मरत नाही. अंतरपाट दूर झाला, अक्षतांचा पाऊस पडला, आणि शंतनू खोकला.

साधा खोकला नव्हे. ठसका. चेहरा लाल, डोळे पांढरे, एक हात छातीवर.

बँडवाले वाजवत होते, पाहुणे हसत होते, "अक्षत गेली वाटतं घशात," कुणी म्हणालं. त्या सगळ्या गर्दीतून तीनच माणसं जिवाच्या आकांताने धावली. हेमचंद्र पाहुण्यांना ढकलत आले. विधवेने बोहल्यावर पाय ठेवायचा नाही हे विसरून कालिंदी चढली. आणि त्या दोघांच्या आधी, हातात पाण्याचा पेला घेऊन, मनस्विनी पोचली होती.

शंतनू पाणी प्यायला. "काही नाही. तांदूळ अडकला होता," तो ओशाळून म्हणाला. मृण्मयी हसली. बँड पुन्हा जोरात सुरू झाला.

ती तिघं तिथेच उभी राहिली, धापा टाकत. कालिंदीने मनस्विनीकडे पाहिलं. मनस्विनीने कालिंदीकडे.

"तुला माहीत होतं?" कालिंदीने विचारलं.

"तुम्हाला पण?"

हेमचंद्र बोटांवरचे डाग पुसायला लागले.

"पण तू तर असलं काही मानत नाहीस," कालिंदी म्हणाली.

"नाहीच मानत," मनस्विनी म्हणाली. तिच्या हातातला पेला कलला होता, त्यातलं उरलेलं पाणी बोहल्यावर सांडत होतं, आणि पेला सरळ धरायचं तिघांपैकी कुणालाही सुचलं नाही.